योगराजचा लाल लंगोट

“कट्टा उचल म्हटला त म्हनते कंबर धरली. तीस वर्साच्या पोट्ट्याची कंबर धरते का व चंदा?”

धनवंताबाई हे माझ्या उजव्या कानात बोलल्या. मी त्यांच्या छातीचं माप घेत होते. टेप पाठीमागून फिरवून पुढे आणायचा म्हटलं, की शिवणारीचा कान शिवून घेणारीच्या तोंडाशी जातोच, त्याला इलाज नाही. गावातल्या अर्ध्या कुरकुरी मी अशाच ऐकल्या आहेत. चारचौघींत जे बोलता येत नाही ते बायका टेपच्या त्या एका फेऱ्यात उरकतात, आणि टेप काढला की पदर सावरून म्हणतात, गळा मोठा नको ठेवजो.

“श्वास सोडा बाई. फुगवून धरू नका.”

“सोडूनच उभी आहो. धान अंगनात पडला, मंडईची जत्रा तोंडावर आली, आन् मालक खाटेवर बसून पोरींच्या येन्या घालून राहिला.”

मालक म्हणजे त्यांचा मुलगा योगराज. धानाच्या भरलेल्या पोत्याला आम्ही कट्टा म्हणतो, आणि कट्टे उचलण्यात योगराजचं नाव. मागच्या वर्षी दोन खांद्यांवर दोन घेऊन तो बैलगाडीकडे चालला, की बायका हातातलं काम सोडून बघायच्या. मीही बघायची. शिवणारीला मापाचा अंदाज ठेवावा लागतो.

मशीनवरच्या टाचण्या तोंडात धरून माप लिहायला वळले, तर बाईंनी माझा दंड धरला. आवाज एकदम गोड झाला.

“पन मले समजला. काल तारेवर पाहिला मी. लाल लंगोट. बजरंगबलीचा नेम धरला माह्या पोरानं, पोरगा व्हावा म्हनून. मायले एका शब्दानं सांगतला नाही. असा आहे तो.”

माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं झालं. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला काही बोलावं लागत नाही.

कारण तो लंगोट मीच शिवला होता. आणि तो लाल होता, कारण मंदिराच्या पताका शिवून उरलेलं तेवढंच कापड माझ्याकडे होतं.

“आता नवऱ्यानं एवढा केला,” बाई पुढे म्हणाल्या, “त बायकोनं बी कराले पायजे. रविवारी नेतो नूतनले त्या वैदीनीकडे. शनिवारपासून पान्याचा थेंब नाही, आन् रविवारी जडी वाटून देते. गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधात. माहा ब्लाउज रविवारी सकारीच देजो, घालूनच जातो.”

वैदीण म्हणजे पलीकडच्या गावची एक म्हातारी. मुलगा होण्याचा काढा देते. गेल्या उन्हाळ्यात तिचा काढा पिऊन आलेल्या एका सुनेला सलाईन लावायला गोंदियाला न्यावं लागलं होतं. ती धडधाकट होती. नूतन धडधाकट नाही. दुसऱ्या मुलीच्या वेळी तिचं एवढं रक्त गेलं, की बाटल्यांवर बाटल्या लावाव्या लागल्या, आणि डॉक्टरांनी दारातच योगराजला आणि धनवंताबाईंना सांगितलं होतं, आता पुरे, तिसऱ्या वेळी ही हाती लागणार नाही. धनवंताबाई ते गावात सांगताना एवढंच सांगतात, “डाक्टर लोक भेव दाखवतेत.”

भीती दाखवण्यावरून त्यांना काही आठवत नसेल असं नाही. त्यांची थोरली, सासरी दिलेली प्राची, ताप येऊन एका रात्रीत गेली. निदान त्या तसं सांगतात. घरात हार घातलेला फोटो आहे. त्याच महिन्यात प्राचीसाठी माझ्याकडून झबली-टोपरी शिवून नेली होती, एवढं मला माहीत आहे. त्या झबल्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. गावात कुणीच विचारलं नाही. ताप म्हटलं, की ताप.

बाई गेल्यावर मी मशीनवर बसले, पण पायडल मारलं नाही.

शिवण मला कुणी शिकवलं नाही. जुने कपडे उसवून उसवून शिकले. उसवलं की कळतं कुठे दुमडलं होतं, कुठे ओढून घेतलं होतं, आणि कुठे कापड कमी पडलं म्हणून झाकलं होतं. ही सवय कपड्यांपुरती राहिली असती तर बरं झालं असतं, असं आमचे केशोराव म्हणतात. केशोराव माझे यजमान. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्या दुकानाच्या त्याच टिनाखाली, मध्ये एक फाटकी ताडपत्री.

तर उसवायला घेतलं.

योगराज आला होता भर दुपारी, दुकानात कुणी नाही असं बघून. चालत आला, आणि डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा चालत आला. एवढा मोठा गडी, पण पाऊल टाकताना जमिनीची परवानगी घेत होता.

“काकू, एक लंगोट शिवता का?”

“कोनाचा?”

“माहाच.”

लंगोट आता कोण घालतं? मी शिवला त्याला जमाना झाला. “कुस्तीचा का?”

“घट्ट पायजे. धरून ठेवनारा.”

“काय धरून ठेवनारा?”

हे मी धंद्याच्या दृष्टीनेच विचारलं होतं. पण तो रस्त्याकडे बघायला लागला, आणि कान लाल झाले. म्हटलं, पांढरा सुती कपडा नाही, लाल आहे, दोन दिवसांनी सडक अर्जुनीच्या बाजारातून आणते. तर म्हणाला, कोणताही चालते, आजच पायजे. मापही घेऊ दिलं नाही. पडद्याआड जाऊन स्वतःच टेप गुंडाळला आणि आतून आकडे सांगितले. लंगोट घेऊन गेला तो पिशवीत, पिशवी कागदात, कागद बगलेत.

तेव्हापासून ही गाठ माझ्या डोक्यात होती. एकटीच्या नाही. शेजारी टेकचंदची चहाची टपरी आहे, आणि तिथे रोज सकाळी गावाचं निदान होतं.

“अंतरगळ असन,” एक जण म्हणाला.

“नाही गा,” टेकचंद म्हणाला, “तो बिरसीला नाही का गेला होता त्या दिवशी, सोयऱ्याकडं बैलजोडी पाहाले? बैलानं मारला असन. नको त्या जागी.”

सगळे हसले. ताडपत्रीआडून केशोराव म्हणाले, “माह्याकडं सायकल टाकून गेला. म्हने ब्रेक पाहा. ब्रेक एकदम ठीक आहे. दोनदा सांगतला, घेऊन जा. म्हनते, राहू द्या, पायीच बरा वाटते.”

“त मंग बैलच,” टेकचंदनं निकाल दिला.

पण धनवंताबाईंचं नेमाचं निदान बाहेर पडलं, आणि बाकीची सगळी उडून गेली. आता त्याचं हळू चालणंही शोभून दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी योगराज टपरीवर आला, तर टेकचंदनं मोबाईलवरचं सिनेमाचं गाणं बंद करून हनुमान चालिसा लावली. बाकावरच्या दोघांनी सरकून जागा दिली.

“बस गा बजरंगी. कव्हापर्यंत आहे नेम?”

योगराजनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. “आहे आता काही दिवस,” एवढंच म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलताना कपाच्या तळाशी बघतो. मी माझ्या जागेवरून बघितलं.

शुक्रवारी सकाळी शामकला आली.

शामकला आमची आशाताई. तिची एक पद्धत आहे, आणि ती पद्धत माझ्या दुकानातून जाते. गावात उपकेंद्राची इमारत छान आहे, रंगवलेली, समोर सदाफुली. पण नर्सबाईंची बदली झाली, आणि दुसरी अजून यायची आहे. सुई हवी, तांबी हवी, काहीही हवं तर तालुक्याला जा. राहिल्या गोळ्या. त्या शामकला घरी नेऊन देऊ शकते, पण ती कुणाच्या घरात शिरली की शेजारीण तिथेच भांडी घासायला बसते. म्हणून ती माझ्याकडे येते, कपाटाजवळ उभी राहते, आणि शिवून तयार ब्लाउजच्या घडीत पाकिटं सरकवून जाते. ज्या बाईचा ब्लाउज, तिचं पाकीट. बाई ब्लाउज नेते. सासू बघते, नवा ब्लाउज. या गावात बायकांचे ब्लाउज दर महिन्याला सैल होतात किंवा आवळतात, आणि कुणालाच त्याचं आश्चर्य वाटत नाही.

मी कधी काही विचारत नाही. पण घड्या मीच घालते, त्यामुळे कळतं.

त्या दिवशी तिनं नूतनच्या परकराच्या घडीत जे ठेवलं, ते गोळ्यांचं पाकीट नव्हतं. पुरुषांचं होतं. निरोध.

मी ते बघितलं आणि इस्त्री उभी करून ठेवली. ब्रह्मचर्याचा नेम धरलेल्या माणसाच्या घरी हे कशाला? बजरंगबली आणि हे पाकीट काही केल्या एका घडीत बसेना.

“शामकला, हे चुकून पडला का?”

“नाही.”

“त्याचा नेम आहे म्हनते.”

शामकला हसली. मग हसू गिळून पडद्याकडे बघितलं, मागे कुणी नाही ना. “मले नका विचारू चंदाबाई. ज्याचा आहे त्यानंच सांगाले पायजे. मले सांगता येत नाही.”

मी हळूहळू दोरा ओढला. कट्टा उचलत नाही. सायकलवर बसत नाही. घट्ट लंगोट, धरून ठेवणारा. आणि हे पाकीट. “तो बिरसीला गेलाच नव्हता,” मी म्हटलं.

“मी काही बोलली नाही.”

“तू काही बोलली नाही.”

ती जायला निघाली, पायरीवरून परत आली. “एक गोष्ट सांगतो. कोनाबद्दल नाही, आपली सांगतो. मानसानं ऑपरेशन करून घेतला ना, तरी तीन महिने हे लागते. मागचा माल संपाले वेळ लागते. मंग तपासनी. लोकाले वाटते, झाला म्हनजे झाला.” तिनं चप्पल घातली. “पन तुमाले कायले सांगून राहिली मी. जातो.”

दुपारी नूतन परकर घ्यायला आली. शेलाट्या बांध्याची पोरगी, नखं कागदासारखी पांढरी. मी परकर हातात दिला आणि सोडला नाही.

“नूतन, रविवारी जाशील का त्या वैदीनीकडे?”

“आई नेऊन राहिल्या.”

“पन काढा पिऊन काय होनार आहे? योगराजचा त ऑपरेशन झाला.”

तिनं विचारलं नाही, तुम्हाला कसं कळलं. पडदा ओढून आत आली, स्टुलावर बसली, आणि बोलायला लागली तसं थांबेचना. दोन वेळा ती शिबिराला जाऊन आली होती, स्वतःच्या ऑपरेशनसाठी. दोन्ही वेळा बोट टोचलं, रक्त बघितलं आणि परत पाठवलं. रक्त वाढवून ये. ती भाजी खायची, गूळ-शेंगदाणे खायची, लाल गोळ्या खायची, रक्त काही वर चढेना. पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी चक्कर. तांबी नको म्हणाले, आधीच अंगावर जास्त जाते. प्रत्येक दारावर तिचंच रक्त आडवं.

“हे बाहेर बसून होते,” ती म्हणाली. “माह्या चपला धरून, आन् लहानी मांडीवर. डाक्टरबाई म्हनल्या, हिचा आज होत नाही, पुढची बोलवा. तवा यानं दारातून मुंडका आत घातला. म्हनते, बाईचा नाही होत त मानसाचा होते का?”

“मंग?”

“सिस्टरले वाटला मजाक करून राहिला. तिनं दुसऱ्यांदा विचारला, कोनाचा? म्हने, माहा. डाक्टरबाई खुर्ची सरकवून उठल्या काकू. म्हनल्या, होते, यापेक्षा सोपा होते, टाकाही पडत नाही, आतापर्यंत कोनी विचारलाच नाही. यानं एकच विचारला, कट्टा उचलता येते का? त म्हनल्या, हप्ताभर नाही, मंग म्हातारा होतपर्यंत उचल.”

मला हसू आलं, तिलाही आलं. मग तिचं लवकर संपलं.

“मंग सांगत काऊन नाही तो?”

“टेकचंदच्या बाकावर बसाचा आहे ना त्याले जलमभर. बैल बडवला म्हनतीन.”

ते खरं होतं. आमच्याकडे गोऱ्हा बडवून बैल करतात तेव्हा आख्खी गल्ली जमते, आणि त्या दिवशीचे विनोद वर्षभर पुरतात. बडवलेला बैल नांगराला चालतो, पटाच्या शर्यतीत त्याला कुणी विचारत नाही. माणसाची नस वेगळी आणि बैलाची गत वेगळी, हे टेकचंदला समजावून कोण सांगणार? आणि सांगितलं तरी एवढा चांगला विनोद तो कशाला सोडेल?

“आन् आईले कसा सांगाचा?” नूतन म्हणाली. “प्राचीताईचा नाव निघाला तरी आई उठून जातेत.”

“यात प्राची कुठून आली?”

तिनं परकराची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. “तेच त कोनी म्हनत नाही काकू.”

मी म्हटलं, तू नाही म्हण. उपास करत नाही म्हण, डॉक्टरबाईंनी उपाशी राहू नको सांगितलं आहे म्हण. तर ती म्हणाली, “नवरा नेम धरून बसला आन् बायकोले एक दिवस उपाशी राहवत नाही, असा होईन. त्या लाल लंगोटानं माह्यावरच आनला सगळा.”

पांढरं कापड असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. कुणी तारेवर बघितलंही नसतं.

“मी सांगू का बाईले?”

“नको. हे सांगतो म्हनतेत. रोज सकारी उठून म्हनतेत, आज सांगतो.”

जाताना तिनं परकर छातीशी धरला, घडी विस्कटणार नाही असा.

शनिवारी मी धनवंताबाईंचा ब्लाउज शिवला. हात चालत होता, डोकं चालत नव्हतं. एकदा वाटलं, बाही उलटी लावावी. ब्लाउज तयार नाही म्हटलं की बाई जायच्या नाहीत. मग वाटलं, या रविवारी नाही गेल्या तर पुढच्या जातील, किती बाह्या उलट्या लावणार. योगराज दोनदा रस्त्यावरून गेला. एकदा घराकडे, एकदा घराकडून. दोन्ही वेळा तोंड असं, की शब्द दातांपर्यंत आले आहेत.

रविवारी सकाळी धनवंताबाई आल्या. मागे नूतन. बाईंनी चांगलं लुगडं नेसलं होतं, हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि स्टीलचा डबा, दुधासाठी. नूतन माझ्या मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि बसल्याबरोबर कपाळ मशीनच्या फळीला टेकवलं. तिच्या ओठांवर सालं आली होती. कालपासून पाण्याचा थेंब नव्हता.

पायरीवर शामकला येऊन बसली होती. बटण तुटलं म्हणे. बटण शाबूत होतं.

“हिले चक्कर येऊन राहिली बाई,” शामकलानं सांगितलं. “तोंड तरी ओला करू द्या.”

“उपासात चक्कर येतेच,” धनवंताबाई म्हणाल्या. “मी नाही केले का उपास? चंदा, ब्लाउज आन. मोटार यायची आहे.”

पडद्याआड दोघींना जेमतेम जागा. त्यांनी ब्लाउज चढवला, हुक लावायला लागल्या, आणि मी मागून पाठीची शिवण बघत होते. बाहेर टेकचंदच्या मोबाईलवर हनुमान चालिसा. केशोरावांच्या पंपाची फुसफुस.

मग पावलं आली. घागर घेतल्यासारखी नव्हती. सरळ, भरभर.

“माय.”

“थांब. ब्लाउज घालून राहिली.”

“मोटार येन, त्याच्या आधी ऐक.”

“घरी काऊन नाही सांगतला?”

“घरी सांगवला नाही.”

पडद्याच्या खालून मला त्याचे पाय दिसत होते. नुसते पाय. अंगठा मातीत रुतवला होता.

“काढा पाजून काही होनार नाही,” योगराज म्हणाला. “माहा ऑपरेशन झाला. पोरं बंद होवाचा. नूतनचा नाही, माहा. मीच करून घेतला.”

पंप थांबला. टपरीवर कुणीतरी चालिसा बंद केली.

मग टेकचंदचाच आवाज. चेष्टेचा नव्हता, खरोखर जाणून घ्यायचं होतं त्याला. “म्हनजे गा योगराज, बजरंगबलीचा नेम नाही?”

“नाही.”

“मंग लाल काऊन?”

“काकूकडं तोच कपडा होता.”

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही हे अजून ठरायचं होतं, आणि ते कुणावर तरी अवलंबून होतं. सगळे पडद्याकडे बघत असणार.

धनवंताबाईंचे हात तिसऱ्या हुकावर थांबले होते. छाती फुगली ती खाली येईना.

“श्वास सोडा बाई,” मी म्हटलं. सवयीनं.

त्यांनी सोडला नाही. पडद्यालाच म्हणाल्या, “कायले केला?”

“तुले मालूम आहे कायले.”

“मले काही मालूम नाही.”

“डाक्टर बोलला तवा दोघं बी दारात उभे होतो माय. तू बी ऐकला, मी बी ऐकला.” त्याचा आवाज थोडा खाली गेला. “आन् त्याच्या आधीबी एकदा ऐकला होता आपन. दुसऱ्या दवाखान्यात.”

नूतनच्या बाजूनं स्टुल घासल्याचा आवाज आला. शामकला म्हणाली, धरा, धरा तिले, आणि पडद्याखाली दिसणारे योगराजचे पाय तिच्याकडे धावले.

धनवंताबाई माझ्याकडे वळल्या. एवढ्याशा जागेत वळल्या म्हणजे तोंड माझ्या कानाशीच आलं, नेहमीच्या जागी. आणि त्या काहीतरी बोलल्या. कुरकुर नव्हती ती. एकच वाक्य, तेही इतकं हळू, की माझ्या कानालाही ते नीट मिळालं नाही. मिळाली ती नुसती वाफ. मी टेप गळ्यात तसाच ठेवून उभी राहिले. कानात बोललेलं कानातच ठेवायचं, हा आमच्या धंद्याचा रिवाज. बाईंना तो माहीत आहे. पन्नास वेळा त्या याच जागी बोलून, पदर सावरून, हलक्या होऊन घरी गेल्या आहेत.

या वेळी पदर सावरला नाही. दोन हुक लावलेले, बाकीचे उघडे, तसाच पदर छातीवर ओढून त्यांनी पडदा बाजूला केला.

बाहेर नूतन योगराजच्या खांद्याला टेकून बसली होती. डोळे उघडे होते. बाकावरची माणसं उठून उभी राहिली होती, हातात कप तसेच. धनवंताबाई सुनेसमोर गेल्या, तिची हनुवटी वर केली, ओठ बघितले. बाजारात धान पारखताना दाणा बघतात तसे, जवळून.

“टेकचंद,” त्या म्हणाल्या, “पोहे आहेत का?”

“आहेत मामी.”

“एक प्लेट दे. आन् चहात साखर जास्त टाक. आधी पानी आन.”

टेकचंद पाण्याचा गिलास घेऊन आला आणि मध्येच थांबला. देवाधर्माचं काम, आपल्या हातानं मोडू नये, असं त्याला वाटलं असावं. “मामी, पन वहिनीचा उपास आहे ना? पोरग्यासाठी?”

बाईंनी गिलास त्याच्या हातातून घेतला आणि नूतनच्या ओठांना लावला. तिनं तो रिकामा केला. मग गिलास तसाच धरून, टपरीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

“माही प्राची तापानं नाही मेली. तिसऱ्या बाळंतपनात मेली. डाक्टर नको म्हनला होता, आन् मीच तिले म्हनली होती, एक पोरगा पायजे.”